लाजवाब साहेब आणि क्लेमची फाइल

विमा कंपनीच्या कार्यालयात एक वृद्ध बाई बसलेल्या आहेत. त्यांचा दावा नामंजूर झालेला आहे, आणि टेबलापलीकडे कसाबसा खुर्चीत मावलेला एक अवाढव्य माणूस त्यांना मोठ्या आवाजात सांगतो आहे की कंपनी त्यांच्यासाठी काहीही करू शकत नाही. मग तो कानोसा घेतो, पुढे झुकतो आणि दबक्या आवाजात बोलू लागतो. पॉलिसीची प्रत घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक बाईंना भेटा असे मला तुम्हाला सांगता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कायदा विभागात अमुक क्रमांकाचा अर्ज भरून द्या असाही सल्ला मी देत नाही. बाई भराभर टिपून घेतात. शेवटी तो त्यांना जाताना जरा रडल्यासारखे करा म्हणतो, आणि त्या हुंदके देत बाहेर पडतात.

मी गेली बावीस-तेवीस वर्षे इंदूरमधल्या एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम पाहते. 'द इन्क्रेडिबल्स' या चित्रपटातला हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरातले सगळे हसले आणि मी मात्र पडद्याकडे पाहतच राहिले, कारण हा माणूस माझ्या ओळखीचा होता. मला काम शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी नामंजुरीचे पत्र समोरच्याच्या हातात देऊन झाल्यावर हमखास म्हणत, "मी काही सांगू शकत नाही हं, पण तुमच्या कागदांत पंचनाम्याची प्रत दिसली नाही," आणि मग खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत बसत. बढतीची वाट पाहता पाहताच ते निवृत्त झाले. अंगात हत्तीचे बळ असलेला एक महानायक आमच्यासारख्याच टेबलावर, आमच्यासारख्याच फायलींमागे दडून बसलेला आहे, ही कल्पना ज्याला सुचली त्याने असे एखादे कार्यालय जवळून पाहिले असले पाहिजे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आता थोडी रीतसर माहिती द्यायला हवी. पिक्सार या स्टुडिओचा हा सहावा पूर्ण लांबीचा चित्रपट अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही ब्रॅड बर्ड यांचे. लांबी ११५ मिनिटे. खेळणी, किडे, राक्षस आणि मासे करून झाल्यावर या स्टुडिओने प्रथमच सर्व प्रमुख पात्रे माणसांची घेतली, आणि संगणकाला माणसाची कातडी, कपड्याची चुणी आणि केसांची बट काढायला लावणे किती जिकिरीचे असते हे त्या काळी ठाऊक असलेल्यांना तो मोठाच धाडसाचा निर्णय वाटला होता. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपट आणि ध्वनिसंपादन अशी दोन ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. मूळ पटकथेसाठी नामांकनही होते. माझ्या दृष्टीने ते नामांकन त्या दोन पारितोषिकांपेक्षा महत्त्वाचे आहे.

आमच्या घरी हा चित्रपट 'हम हैं लाजवाब' या हिंदी नावाने आला. २००५ च्या उन्हाळ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी दोन व्हीसीडींचा संच आणला, तो केवळ आठ वर्षांच्या मुलाने पुठ्ठ्यावरच्या लाल पोशाखांकडे बोट दाखवून हट्ट धरला म्हणून. मध्य प्रदेशात तेव्हा वीज येण्यापेक्षा जाण्याच्याच वेळा लोकांना पाठ असत, त्यामुळे लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी चित्रपट सलग पाहणे हा योगायोगाचा भाग होता. पहिली सीडी संपे ती हेलनला, म्हणजे त्या महानायकाच्या बायकोला, नवऱ्याच्या खोटेपणाचा सुगावा लागतो त्या सुमारास. दुसरी सीडी घालायला उठावे आणि नेमकी वीज जावी, असे त्या महिन्यात इतक्या वेळा झाले की माझ्या सासूबाईंना त्या घराचे पुढे काय झाले हे कळायला चार रविवार लागले.

चित्रपटाची सुरुवात मला माझ्या धंद्यामुळे इतरांपेक्षा अधिक रंजक वाटते. महानायकांचा पाडाव येथे कोणी खलनायक करत नाही, नुकसानभरपाईचे दावे करतात. मिस्टर इन्क्रेडिबल उंच इमारतीवरून उडी घेतलेल्या एका माणसाला हवेतच झेलतो, आणि तो माणूस न्यायालयात जातो, कारण त्याला वाचायचे नव्हते आणि वाचताना इजा मात्र झाली. पाठोपाठ आगगाडीच्या अपघातात जखमी झालेले प्रवासी दावा लावतात. मग दाव्यांची रांगच लागते, सरकार भरपाया देऊन थकते, आणि अखेर महानायकांनी आपापल्या शक्ती गुंडाळून सामान्य नागरिक म्हणून गुपचूप राहावे असा तोडगा निघतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलेला आहे. गाडीने तुम्ही कोणाला दवाखान्यात पोहोचवायला निघाला असाल तरीही वाटेत ज्याला धक्का लागला त्याची भरपाई ठरलेली आहे. या महानायकांचा असा विमा कोणी उतरवला नव्हता एवढाच काय तो घोटाळा. आणि दिग्दर्शकाची खरी खोच पुढे आहे: भरपाईच्या दाव्यांनी ज्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, तोच माणूस पंधरा वर्षांनी भरपाई नाकारणाऱ्या कार्यालयात नोकरीला असतो. हा विरोधाभास चित्रपट एका शब्दानेही बोलून दाखवत नाही.

मला तर हा सबंध चित्रपटच भरपाई मागणाऱ्या माणसांचा वाटतो. बॉब पार, म्हणजे पूर्वीचा मिस्टर इन्क्रेडिबल, आपल्या तारुण्याची भरपाई मागतो आहे. घरातल्या त्याच्या खोलीत जुना निळा पोशाख काचेआड लावलेला आहे, भिंतीवर कात्रणे आणि मासिकांची मुखपृष्ठे आहेत. दर बुधवारी बोलिंगला जातो असे बायकोला सांगून तो मित्राबरोबर मोटारीत बसून पोलिसांचे वायरलेस संदेश ऐकतो आणि चोरून लोकांना वाचवतो. "आमच्या वेळी" या शब्दांनी वाक्य सुरू करणारे जे पुरुष आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कट्ट्यावर असतात, त्यांची ही इतकी नेमकी आणि तरीही मायेने केलेली नक्कल मी दुसरीकडे पाहिलेली नाही. त्याचा पट्टा पोटावर बसत नाही, छोट्याशा मोटारीत त्याचे गुडघे मावत नाहीत, आणि कंपनीचा बुटका साहेब त्याला कंपनी म्हणजे दातेरी चाकांचे मोठे घड्याळ असते असे समजावत असताना खिडकीबाहेर एका माणसाला लुटले जाते ते त्याला हात बांधून पाहावे लागते. पुढे त्या साहेबाचे काय होते ते पाहून आमच्या कार्यालयातल्या किमान चौघांना मनापासून समाधान वाटलेले मला ठाऊक आहे.

परंतु या घरातली एक व्यक्ती भरपाईचा अर्ज कधीच करत नाही, आणि तिच्यामुळेच हा चित्रपट मी आजवर पंधरा-वीस वेळा पाहिला असेन. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग पाहावा. मुलाने शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाचणी ठेवल्याची तक्रार आई सांगते आहे. वडील अर्धे लक्ष देऊन मुलाच्या ताटलीतले मांस कापून देतात आणि जोर जास्त झाल्याने ताटलीसकट टेबल कापतात. मग नवी ताटली आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन वर्तमानपत्र वाचत उभे राहतात. इकडे बहीण-भावांची जुंपते. मुलगा वाऱ्याच्या वेगाने टेबलाभोवती पळतो, मुलगी अदृश्य होते आणि मध्येच पारदर्शक कवच उभे करते, आणि आई एका जागी बसून दोन्ही हात रबरासारखे लांबवत एकेकाला धरू पाहते. मुले टेबलाखालून पळतात, तिचे हातही त्यांच्याबरोबर फरपटत जातात, उंच खुर्चीतले तान्हे मूल खिदळते आहे, आणि ती ओरडून नवऱ्याला सांगते आहे की नुसता उभा राहू नकोस, मध्ये पड. तो मध्ये पडतो म्हणजे सगळ्यांना लोंबकळत ठेवून टेबलच उचलतो. तेवढ्यात दाराची घंटा वाजते. पुढच्या क्षणी पाचही जण आपापल्या जागी शहाण्यासारखे बसून जेवत आहेत.

हे शेवटचे दृश्य आमच्या घरी विशेष गाजले, कारण पाहुणे दारात आले की भांडण जिथल्या तिथे गोठवण्याची कला मध्यमवर्गीय घरांना कोणी शिकवावी लागत नाही. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आयुष्यभर इंदूरच्या मराठीत बोलल्या, आणि हेलनकडे पाहून म्हणाल्या, "अगं, ही बाई तर नुसती ताणलीच जाऊन राहिली आहे." मी त्या दिवशी कार्यालयातून येताना भाजी, मुलीचे औषध आणि विजेचे बिल अशी तीन कामे करून आले होते. मी काही बोलले नाही, त्याही पुढे काही बोलल्या नाहीत.

बर्ड यांनी ही कथा नव्वदच्या दशकात, काम आणि संसार यांची ओढाताण सोसत असताना रचायला घेतली होती, आणि पात्रांच्या शक्ती घरातल्या त्यांच्या स्थानावरून ठरवल्या असे त्यांनी सांगितलेले आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाने बळकट असावे ही अपेक्षा, म्हणून बॉबला बळ. आईला दहा दिशांना ओढले जाते, म्हणून हेलन लवचिक. वयात येणाऱ्या मुलीला कोणी पाहू नये असे वाटते, म्हणून व्हायोलेट अदृश्य होते आणि स्वतःभोवती कवच घालून घेते. दहा वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही, म्हणून डॅशला वेग. आणि तान्ह्या जॅक-जॅकचे काय होणार हे अजून कोणालाच ठाऊक नाही. कागदावर ही युक्ती फार सोपी दिसते. पडद्यावर ती टिकते, कारण प्रत्येक शक्ती संकटाच्या आधी स्वभाव म्हणून दिसते. व्हायोलेटचे केस तोंडावर ओढलेले असतात, ते तिच्या कवचाचेच पहिले रूप आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवते: इंग्रजीत 'पार' म्हणजे सर्वसाधारण, सरासरीइतके, असामान्य कुटुंबाने सरकारी आसऱ्याखाली घेतलेले आडनाव म्हणून ते चपखल आहे. आपल्याला पार म्हटले की वडाभोवतीचा कट्टा आठवतो, त्यामुळे हा विनोद मराठी प्रेक्षकाच्या हातून निसटतो.

एड्ना मोड या पोशाखकर्तीविषयी लिहिल्याशिवाय या चित्रपटाचे परीक्षण पुरे होणार नाही. कमरेएवढ्या उंचीची, गोल चष्म्याची, कोणाचेही न ऐकणारी ही बाई. मूळ इंग्रजीत तिचा आवाज स्वतः दिग्दर्शकाने दिलेला आहे. बॉब तिच्याकडे खांद्यावरून रुळणारा झगा मागतो आणि ती साफ नकार देते. नकार देताना ती त्याच्यापुढे अपघातांची यादी वाचते, तारखांसकट: अमक्याचा झगा क्षेपणास्त्राच्या पंखात अडकला, तमकीचा विमानाच्या इंजिनात ओढला गेला, एकाचा लिफ्टमध्ये. नुकसानीची पाहणी करणारा चांगला सर्व्हेयर अहवाल सादर करतो तो असाच, भावनांचा लवलेश न ठेवता, आणि म्हणूनच तो ऐकताना अंगावर काटा येतो. आमच्या विभागात ओढणी किंवा पदर मोटारसायकलच्या मागच्या चाकात गेल्याच्या फायली वर्षानुवर्षे येत असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून मागचे चाक किमान अर्धे झाकणारी जाळी मोटारसायकलला असलीच पाहिजे. आपण तिला साडी गार्ड म्हणतो, आणि गाडी दिसायला चांगली दिसावी म्हणून तरुण मुले तीच आधी काढून टाकतात. एड्नाने त्यांना दारातही उभे केले नसते. तिचा झग्याविरुद्धचा तो लांबलचक कंठशोष पहिल्या वेळी विनोद म्हणून ऐकला जातो आणि शेवटी खलनायकाच्या मरणाशी जाऊन मिळतो. पटकथेची वीण किती घट्ट आहे ते तेथे कळते. तिने शिवलेल्या तान्ह्या बाळाच्या पोशाखाला हजार अंशांच्या वर उष्णता सोसते, गोळी लागत नाही, आणि तो यंत्रात धुताही येतो. तिसरा गुण ऐकून हायसे वाटणारी मी एकटीच नसेन.

विमानाचा प्रसंग मात्र विनोदाचा नाही. खलनायकाच्या बेटावर गेलेल्या नवऱ्याला शोधायला हेलन मैत्रीखातर मिळालेले विमान स्वतः चालवत तिकडे निघते, दोन्ही मोठी मुले लपून चढलेली असतात, आणि खालून क्षेपणास्त्रे सुटतात. आमच्या मुलांना या विमानाच्या हाकेतला 'इंडिया' हा शब्द कळला की ती टाळ्या पिटत. वायरलेसवरच्या वर्णमालेतला तो केवळ एक संकेत आहे हे समजावून सांगायला तेथे वेळ नसतो. हेलन एका हाताने विमान वळवते आहे, विमानात लहान मुले आहेत असे वायरलेसवर सांगून हल्ला थांबवायची विनवणी करते आहे, आणि त्याच श्वासात मुलीला म्हणते आहे की विमानाभोवती कवच घाल. एवढे मोठे कवच व्हायोलेटने कधी घातलेले नाही. ते तिला साधत नाही. विमान फुटते, आई दोघांना स्वतःच्या अंगात गुंडाळून घेते, मग हवेत स्वतःचीच छत्री करते आणि पाण्यावर स्वतःचीच नाव. हे सगळे आपण डोळे विस्फारून पाहतो. परंतु मला त्यानंतरची गुहेतली चार वाक्ये अधिक मोलाची वाटतात. मुलगी माफी मागते, आणि आई तिला सांगते की चूक तुझी नाही, इतके मोठे काम असे एकाएकी तुझ्याकडे मागणे हेच बरोबर नव्हते. आई आपली बाजू न सावरता मुलीपुढे चूक कबूल करते आहे असे दृश्य आपल्या चित्रपटांत मी फारसे पाहिलेले नाही. आणि त्याच बोलण्यात ती मुलांना हेही बजावते की ही माणसे शनिवारच्या कार्टूनमधल्या दुष्टांसारखी नाहीत, तुम्ही लहान आहात म्हणून ती तुम्हाला सोडणार नाहीत. मुलांच्या चित्रपटात मुलांशी एवढे खरे बोललेले आहे.

हिंदी आवृत्तीविषयी माझे मत संमिश्र आहे. मिस्टर लाजवाबचा, म्हणजे बॉबचा, आवाज शाहरुख खान यांचा आहे आणि तेज म्हणजे डॅशचा आवाज त्यांचा मुलगा आर्यन याचा, जो तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. बाप-लेकांच्या प्रसंगांत त्यामुळे खरा जिव्हाळा उतरला आहे, आणि लहानग्याच्या किंचित बोबड्या बोलीतले संवाद आमची मुले आठवडे घोळवत होती. मात्र शाहरुख यांचा आवाज चपळ आणि खट्याळ आहे. तो त्या डोंगराएवढ्या, खांदे पडलेल्या कारकुनाच्या देहात पुरता बसत नाही. कार्यालयातल्या प्रसंगांत बॉबच्या बोलण्यात जो थकवा हवा तो मला मूळ इंग्रजीत, क्रेग टी. नेल्सन यांच्या आवाजात सापडला. हेलनच्या बाबतीत हॉली हंटर यांचा किंचित घोगरा, घाईतला आवाज ऐकल्यावर दुसरा कोणताही पटत नाही. डॅशचे काम करणाऱ्या स्पेन्सर फॉक्स या मुलाला दम लागलेला आवाज खरा वाटावा म्हणून दिग्दर्शकाने स्टुडिओभोवती फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि जंगलातल्या पळापळीत तो दम स्पष्ट ऐकू येतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आणि लहान मुले एकत्र बसून पाहणार असतील त्यांनी हिंदी आवृत्तीने सुरुवात करावी. नंतर मूळ आवृत्ती अवश्य पाहावी.

मायकल जियाकिनो यांचे पितळी वाद्यांनी भरलेले संगीत आणि साठच्या दशकातल्या हेरपटांची आठवण करून देणारी घरे, खुर्च्या, बेटावरची मोनोरेल यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. जियाकिनो यांनी पूर्ण लांबीच्या मोठ्या चित्रपटाला दिलेले हे पहिलेच संगीत होते, यावर ते ऐकताना विश्वास बसत नाही.

आता जे खटकते ते. सिंड्रोम हा खलनायक मूळचा बडी नावाचा मुलगा. मिस्टर इन्क्रेडिबलचा निस्सीम भक्त. जन्मतः कोणतीही शक्ती नसताना स्वतःच्या बुद्धीने त्याने उडणारे बूट बनवलेले असतात. नायक त्याला झिडकारतो, आणि पुढे तो जो काही होतो तो त्या अपमानाची भरपाई वसूल करायला निघालेला माणूस आहे. त्याने केलेल्या हत्या अक्षम्यच आहेत. पण आपली उपकरणे सगळ्यांना विकू, म्हणजे सगळेच असामान्य होतील आणि मग कोणीच असामान्य उरणार नाही, हे त्याचे म्हणणे चित्रपट दुष्टपणाचा कळस म्हणून आपल्यापुढे ठेवतो. त्या आधी डॅशही मोटारीत आईशी बोलताना जवळपास तेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मात्र आपल्याला पटावे अशी अपेक्षा असते. जन्माने मिळालेले ते श्रेष्ठ आणि खटपटीने मिळवलेले ते नकली, असा एक सूर येथे ऐकू येतो. जन्माने काय मिळाले यावर ज्या देशात माणसांची किंमत पिढ्यान् पिढ्या ठरत आली, तेथे बसून हा सूर कानाआड करता येत नाही. याचे उत्तर चित्रपटातच होते: एड्नाजवळ कोणतीही उपजत शक्ती नाही, आणि सगळे महानायक तिच्या दारात हात जोडून उभे आहेत. दिग्दर्शकाने तिच्याकडे हे उत्तर म्हणून पाहिलेले दिसत नाही. ती केवळ गंमत म्हणून उरते, ही या पटकथेतली माझ्या लेखी सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे. सिंड्रोमची सहायक मिराज हिचे मनपरिवर्तनही जरा स्वस्तात उरकले आहे, आणि व्हायोलेटने केस मागे सारताच तिच्या सगळ्या अडचणी मिटतात हे वयात येणाऱ्या कोणत्याही मुलीच्या आईला पटणार नाही.

तरीही ज्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट जपून ठेवला आहे तो शेवटच्या लढाईच्या तोंडावर येतो. बॉब सगळ्यांना मागे थांबायला सांगतो, मी एकटा लढतो म्हणतो. हेलन चिडते; तिला तो जुनाच अहंकार वाटतो. मग तो सांगतो की मी तुम्हाला पुन्हा गमावू शकत नाही, तेवढे बळ माझ्यात नाही. आगगाडी अडवणारा माणूस बळ नाही म्हणतो आहे, आणि त्या वेळी त्याचा खालचा ओठ अगदी थोडासा ओढला जातो. २००४ मधल्या संगणकाकडून तो ओठ तसा ओढवून घेणाऱ्या चित्रकाराचे नाव मला ठाऊक नाही. शेवटी डॅशला शाळेच्या शर्यतीत धावायची परवानगी मिळते, पण पहिला येऊ नकोस, दुसरा ये, असे सबंध घर बाकांवरून ओरडून खुणावत असते. आमच्या भाषेत याला सेटलमेंट म्हणतात: कोणाचेच पूर्ण समाधान नाही, पण फाइल बंद.

दुसरा भाग २०१८ मध्ये आला, त्यात हेलन कामावर जाते आणि बॉब घर सांभाळतो, हिंदीत हेलनचा आवाज काजोल यांनी दिला. जॅक-जॅकचे त्यातले प्रताप पोट धरून हसवतात. कथेला पहिल्या भागाची वीण नाही, एकदा पाहावा.

आमच्या त्या जुन्या संचातल्या दुसऱ्या सीडीवर एक चरा होता. जंगलातून पळता पळता डॅश समोरच्या पाण्यावर जातो, आता बुडणार म्हणून डोळे मिटतो, मग खाली पाहतो तर आपण पाण्यावर धावतो आहोत, आणि त्याला हसू फुटते. नेमके तेथे चित्र अडकायचे आणि ते हसू तीनदा वाजायचे. गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता. रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर आम्ही ओटीटीवर मूळ इंग्रजी चित्रपट लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, कोठे अडकणे नाही. डॅश पाण्यावर एकदाच हसला. अठ्ठावीस वर्षांच्या माझ्या मुलाने उरलेली दोन हसणी स्वतःच्या तोंडाने पुरी केली, आणि त्याची बहीण म्हणाली की आता बरोबर झाले.